पाऊस आणि बर्फ दोन्हींसाठी एसयूव्हीचे टायर: निवड तिसऱ्या हिवाळ्याकडे बघून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनला राहणारं कुटुंब, २०१८ ची होंडा सीआर-व्ही, ईएक्स मॉडेल, ऑल व्हील ड्राइव्ह. रोज रूट १ वरून प्रिन्स्टनला ऑफिस, वर्षाला साधारण १२,००० मैल. हिवाळ्यात तीन-चार वीकेंड मुलांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत स्कीइंग आणि नाताळात न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसला बहिणीकडे. टायरच्या नक्षीची खोली ४/३२ इंचावर, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरवर आली आहे. एका दुकानात सांगितलं, "अजून वर्षभर आरामात चालतील, फार तर पुढचे दोन बदला." घरात म्हणणं असं की ऑल व्हील ड्राइव्ह आहे, मग बर्फाची एवढी काय काळजी? पावसालाही आणि बर्फालाही चालतील असे टायर कोणते, आणि किती बदलायचे?

आधी उत्तर देतो, मग कारणं. चारही बदला. या हिवाळ्याच्या तोंडावर बदला, पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका. ऑल सीझन, म्हणजे बाराही महिन्यांचे साधे टायर घेऊ नका, बर्फातही चालणारे ऑल वेदर घ्या; ज्यांच्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह आहे तेच. आणि टायर निवडताना नव्या टायरची पकड बघू नका. तो टायर निम्मा झिजल्यावर, तिसऱ्या हिवाळ्यात, ओल्या रस्त्यावर कसा थांबेल हे बघा. नवा टायर जवळपास कुठलाही बरा चालतो. अपघात होतात ते झिजलेल्या टायरवर, आणि आपण प्रत्येक टायरच्या आयुष्याचा मोठा भाग झिजलेल्या टायरवरच काढतो.

मी कोल्हापुरात टायरच्या दुकानात काम शिकलो आणि गेली बरीच वर्षं इथे न्यू जर्सीत टायर आणि अलाइनमेंटचं काम करतो. आपली माणसं दुकानात आली की दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात: "एडब्ल्यूडी आहे ना" आणि "टायर अजून गोटा कुठे झालाय". दोन्हींबद्दल सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण दोन्ही गोष्टी मनापासून खऱ्या मानल्या जातात आणि दोन्हींमुळे गाड्या घसरतात.

ऑल व्हील ड्राइव्ह इंजिनची ताकद चारही चाकांकडे पोचवतं. बर्फात गाडी जागची हलवायला, ड्राइव्हवेच्या चढावर चढवायला त्याचा फायदा निर्विवाद आहे. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, मग ती साधी सिव्हिक असो की सीआर-व्ही. थांबताना आणि वळताना ऑल व्हील ड्राइव्हची मदत जवळपास शून्य. तिथे फक्त रबर आणि रस्ता यांचा हिशोब असतो, आणि चार टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा चार तळहातांपेक्षा फार मोठी नसते. उलट ऑल व्हील ड्राइव्ह फसवतं. दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी बर्फात निघतानाच चाक फिरवून सांगते की रस्ता निसरडा आहे. तुमची गाडी तसं काही न सांगता सरळ ४५ मैलांचा वेग घेते, आणि रस्ता निसरडा आहे हे पहिल्यांदा कळतं ते सिग्नलला ब्रेक दाबल्यावर.

आता पाऊस. बर्फाची भीती जास्त वाटते, पण तुमच्या रोजच्या रस्त्यावर खरा धोका पावसाचा आहे. मध्य न्यू जर्सीत वर्षाला साधारण ४५ ते ५० इंच पाऊस पडतो, म्हणजे १,२०० मिलिमीटरच्या आसपास. पुण्यात त्याच्या दोन तृतीयांशही पडत नाही. फरक असा की आपल्याकडे तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो, इथे बाराही महिने थोडा थोडा. त्यामुळे पावसाळा असा वाटतच नाही आणि टायरचा विचारही होत नाही. बर्फ मात्र सरासरी २५ ते ३० इंच, तोही मोजक्या दिवसांत, आणि खारं पाणी फवारून, मीठ टाकून मुख्य रस्ते दुसऱ्या दिवशी काळे केलेले असतात. म्हणजे जानेवारीतही तुम्ही बहुतेक वेळ थंड, ओल्या डांबरावर असता.

ओल्या डांबरावर टायरला दोन कामं करावी लागतात. पहिलं, पाणी बाजूला काढणं. टायरच्या उभ्या खोल खाचा म्हणजे पावसाळ्याआधी शेतात काढलेले चर. चर बुजले की पाणी साचणारच. नव्या टायरची खाच १०/३२ इंचाच्या आसपास खोल असते. ती ४/३२ वर आली की पाणी वाहून न्यायची जागा निम्म्याहून कमी उरते, आणि ५५-६० मैलांच्या वेगाला, लेनमध्ये साचलेल्या पाण्यात, टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं ते तेव्हा. रूट १ वर ट्रकनी दाबून केलेले दोन पट्टे आहेत, पावसात त्यात पाणी उभं राहतं. डावी-उजवीकडे थोडं सरकून चालवलं तर फरक हातात जाणवतो. दुसरं काम रबराचं: पाण्याचा उरलेला पातळ थर भेदून डांबराच्या खडबडीत कणांना चिकटणं. हे रबराच्या मिश्रणावर ठरतं. मिश्रणात सिलिका चांगली असेल तर ओल्यात पकड जास्त. फक्त जास्त मैल टिकावा म्हणून बनवलेला टायर ओल्यात बरेचदा मागे पडतो. म्हणून "८०,००० मैल वॉरंटी" हा आकडा बघून टायर उचलू नका.

कायद्याने ज्याला झिजलेला टायर म्हणतात तो २/३२ इंचाचा, म्हणजे १.६ मिलिमीटरचा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हीच मर्यादा आहे, भारतातही कारसाठी १.६ मिलिमीटरच. खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्या नक्षीच्या बरोबरीला आल्या की समजायचं, संपला. पण हा आकडा म्हणजे टायर कचऱ्यात टाकायची खूण आहे, सुरक्षित असल्याची नाही. पावसासाठी मी ४/३२ ला बदला म्हणतो, आणि बर्फात जायचं असेल तर ५/३२ किंवा ६/३२ च्या खाली जाऊ नका. कोलोरॅडोत आय-७० हायवेच्या डोंगराळ भागात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात साध्या कारलाही किमान ३/१६ इंच, म्हणजे ६/३२, खोली लागते. बर्फाच्या राज्याने कायद्यात घातलेला आकडा आहे तो, माझ्या मनचा नाही.

घरी मोजायला एक क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, पुरतो. वॉशिंग्टनचं डोकं खाली करून नाणं खाचेत उभं करा. डोक्याचा वरचा कडा नक्षीच्या वर दिसला तर ४/३२ किंवा कमी. हे एकाच जागी करू नका. टायरच्या बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या अशा तिन्ही खाचांत करा. आतली खाच बघायला स्टिअरिंग पूर्ण वळवून खाली बसावं लागतं. सीआर-व्हीसारख्या गाड्यांच्या मागच्या टायरला मधे ५/३२ आणि आतल्या कडेला तारा दिसायच्या बेतात, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. अलाइनमेंट बिघडलेली असते आणि उभ्या गाडीकडे बाहेरून बघितलं तर टायर ठणठणीत दिसतो. तुमच्या टायरचं असं असेल तर नवे टाकताना चारही चाकांचं अलाइनमेंट करूनच घ्या, नाहीतर नवे टायरही त्याच वाटेने जातील.

आता बर्फ, आणि साइडवॉलवरची चिन्हं. तुमच्या सध्याच्या टायरवर बहुधा "एम प्लस एस" अशी अक्षरं असतील, मड अँड स्नोची. ती बघून लोक निर्धास्त होतात. या अक्षरांमागे बर्फावरची कुठलीही चाचणी नाही. नक्षीत ठरावीक प्रमाणात खाचा असल्या की कंपनी ती अक्षरं छापू शकते. तीन शिखरांचं चिन्ह वेगळं. अमेरिका आणि कॅनडाच्या रबर उद्योगाच्या संघटनांनी १९९९ मध्ये ते आणलं. दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या संदर्भ टायरची पकड १०० धरली तर या टायरची किमान ११० यावी लागते. म्हणजे चाचणी आहे, आकडा आहे. पण तिची मर्यादाही जाणून घ्या: ही चाचणी पुढे जाण्याच्या पकडीची आहे. थांबण्याची नाही, वळण्याची नाही, आणि गोठलेल्या बर्फाच्या काचेवरची तर नाहीच. शिवाय ती नव्या टायरवर होते. म्हणून ऑल वेदर टायरवरही तेच चिन्ह, आणि अस्सल विंटर टायरवरही तेच, तरी दोन्हींत मोठा फरक असतो.

तो फरक कुठून येतो? थंडीत रबर कडक होतं. साधारण ४५ फॅरनहाइट, म्हणजे ७ सेल्सिअसच्या खाली, उन्हाळी टायर लाकडासारखा वागायला लागतो, ऑल सीझन त्याच्या मागोमाग. विंटर टायरचं मिश्रण शून्याच्या खूप खालीही लवचिक राहतं. दुसरं म्हणजे सायप्स, नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर घातलेल्या बारीक चिरा. चाक फिरताना त्या उघडतात, मिटतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फाला धरतात. खाचांमध्ये बर्फ दाबून भरतो, आणि भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो. बर्फाला बर्फाइतकं चांगलं दुसरं काही धरत नाही. हे सगळं व्हायला खोली लागते. एखादा ऑल सीझन टायर ४/३२ वर आला की त्याच्याकडे नीट बघा: नव्यावर दिसणाऱ्या बारीक चिरांतल्या बऱ्याच गायब झालेल्या असतात, कारण त्या तळापर्यंत कापलेल्याच नव्हत्या. उरतात ते गुळगुळीत ठोकळे. तुमचा टायर आज तिथे आहे. पावसात तो कसाबसा चालेल. सिरॅक्यूसच्या रस्त्यावर तो टायर राहिलेलाच नाही.

म्हणून हिशोब करून बघू. समजा ऑल वेदर टायर १०/३२ चा आहे आणि ६०,००० मैल वॉरंटीचा आहे. २/३२ पर्यंत जायला ८/३२ झिजणार, म्हणजे ढोबळमानाने दर ७,५०० मैलांना १/३२. झीज अगदी सरळ रेषेत होत नाही, पण अंदाजाला पुरे. तुमच्या वर्षाला १२,००० मैलांनी सुमारे १.६/३२ जाणार. टायर नोव्हेंबरमध्ये घेतले तर हिवाळे सुरू होताना खोली अशी असेल: पहिल्या वर्षी १०, दुसऱ्या वर्षी ८.४, तिसऱ्या वर्षी ६.८, चौथ्या वर्षी ५.२. हेच टायर एप्रिलमध्ये घेतले तर ९.२, ७.६, ६ आणि ४.४. म्हणजे त्याच पैशांत नोव्हेंबरच्या खरेदीला चौथा हिवाळा निदान विचारात घेता येतो, एप्रिलच्या खरेदीला नाही. वॉरंटी पाच वर्षांची वाटली तरी बर्फाच्या कामाचं आयुष्य तीन हिवाळ्यांचं, फार तर साडेतीन. हे धरूनच बजेट करा. पाचव्या वर्षापर्यंत ओढायचंच असेल तर ती दोन वर्षं पोकोनोज बंद.

यातूनच पुढचा निकष निघतो. दुकानात दोन ऑल वेदर टायर समोर ठेवले तर सायप्स किती खोलवर कापले आहेत ते बघा. वरून बघितलं तर बारीक चिरा सारख्याच दिसतात. विचारा, की निम्म्या झिजेवर हा टायर कसा दिसतो. चांगल्या दुकानात झिजून आलेला तोच टायर मागे पडलेला असतो, तो बघायला मागा. ओल्या रस्त्यावरच्या स्वतंत्र चाचण्यांत झिजलेल्या टायरचे निकाल दिले असतील तर ते आधी वाचा, नव्याचे नंतर.

नावं विचाराल तर या वर्गात मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट २, ब्रिजस्टोनचा वेदरपीक, नोकियनचा रेमेडी डब्ल्यूआरजी५, टोयोचा सेल्सियस हे सहज मिळणारे आहेत. मी स्वतः तुमच्या वापरासाठी पहिल्या तिघांत निवड करेन. साधारण १८० ते २५० डॉलरला एक, वर बसवणं, बॅलन्सिंग आणि जुन्यांची विल्हेवाट. न्यू जर्सीत प्रत्येक नव्या टायरमागे राज्याची दीड डॉलर फी असते, ती बिलात वेगळी दिसेल, घाबरू नका. क्रॉसक्लायमेट २ ची नक्षी बाणासारखी एका दिशेची आहे. साइडवॉलवर फिरण्याची दिशा बाणाने दाखवलेली असते. दुकानातून गाडी ताब्यात घेण्याआधी चारही चाकांचे बाण पुढच्या दिशेला आहेत ना, हे स्वतः फिरून बघा. उलटा बसवलेला टायर पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी मध्ये ओढतो, आणि घाईच्या शनिवारी हे कुठल्याही दुकानात होऊ शकतं.

साइडवॉलवर आणखी एक ग्रेड असते, ट्रॅक्शन एए, ए, बी, सी अशी. ती बघून कुणी भारावून जाऊ नये. ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर, ताशी ४० मैलांनी, सरळ रेषेत लॉक केलेलं चाक घसरवून काढलेला तो आकडा आहे. वळणाबद्दल, साचलेल्या पाण्याबद्दल, बर्फाबद्दल तो काहीच सांगत नाही. बी असेल तर टाळा, एवढाच त्याचा उपयोग.

आता दोन की चार. फक्त पुढचे दोन बदलायचा सल्ला तुम्हाला मिळाला, तो दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिलं, नवे दोनच टाकायची वेळ आली तर ते मागे जातात, पुढे नाही. आपल्याकडे सर्रास उलटं करतात: पुढची चाकं ओढतात, वळतात, जास्त झिजतात, म्हणून नवे पुढे. पण पाण्यात पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते. ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा परत ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं कसलेल्या ड्रायव्हरलाही जमत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात. दुसरं कारण तुमच्या ऑल व्हील ड्राइव्हचं. १०/३२ आणि ४/३२ मध्ये ६/३२ चा फरक, म्हणजे त्रिज्येत पावणेपाच मिलिमीटर, व्यासात साडेनऊ. तुमच्या चाकाचा व्यास ७३९ मिलिमीटर आहे. म्हणजे जुनं चाक दर मैलाला नव्यापेक्षा सुमारे नऊ फेरे जास्त मारणार. पुढची आणि मागची चाकं सतत वेगळ्या वेगाने फिरतायत असं गाडीला वाटत राहणार, आणि मागच्या डिफरन्शिअलमधला (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागातला) क्लच विनाकारण घासत राहणार. त्याची दुरुस्ती दोन टायरच्या किमतीत होत नाही. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या आणि दर ५,००० ते ७,५०० मैलांना रोटेट करा, म्हणजे त्यांच्या जागा आपसात बदला. दिशा असलेल्या टायरना फक्त पुढचा मागे, मागचा पुढे, त्याच बाजूला.

आता सिरॅक्यूस. ते गाव मोठ्या अमेरिकन शहरांतल्या सर्वांत जास्त बर्फ पडणाऱ्यांपैकी आहे, वर्षाला १२० इंचांच्या आसपास. ओंटारिओ सरोवरावरून येणारी थंड हवा पाणी उचलते आणि किनाऱ्याच्या दक्षिणेला-पूर्वेला पट्ट्यापट्ट्याने बर्फ टाकते. आय-८१ वर बिंगहॅम्टनपर्यंत ऊन असतं आणि पुढे तासाभरात समोरची गाडी दिसेनाशी होते. अशा बर्फात नवे ऑल वेदर तुम्हाला नेतील. पण रस्त्यावर काळा, पारदर्शक बर्फ असेल, किंवा गोठणारा पाऊस पडत असेल, तर ऑल वेदर टायरवर विसंबू नका. तिथे अस्सल विंटर टायर आणि ऑल वेदर यांतलं अंतर सर्वांत मोठं असतं, आणि विंटर टायरलाही मर्यादा आहेतच. नाताळात वर्षातून एकदा जात असाल आणि तारीख एक दिवस पुढे-मागे करता येत असेल, तर ऑल वेदर पुरे. हवामानखात्याचा इशारा बघून निघा. बहिणीकडे हिवाळ्यात महिन्यातून एकदा जायचं असेल, किंवा कुणी बफेलो, मिनीआपोलिस, ओटावा असं राहत असेल, तर मी दुसरा विचारही करू देणार नाही: वेगळे विंटर टायर. ब्रिजस्टोन ब्लिझॅक, मिशेलिन एक्स-आइस स्नो, नोकियन हाकापेलिटा या घराण्यांतले.

कॅनडात जाणाऱ्यांसाठी जाता जाता: क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, ते तिथे नोंदणी झालेल्या गाड्यांना. जर्मनीतल्या मराठी मंडळींना मात्र आता सवलत नाही. बर्फ किंवा निसरड्या रस्त्यावर गाडी काढायची तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फक्त डोंगर-चांदणीचं चिन्ह ग्राह्य आहे, नुसत्या "एम प्लस एस" वर दंड होतो.

दुसरा सेट घ्यायचा झाला तर तो वेगळ्या रिमवर घ्या. दर मोसमात टायर उतरवून-चढवून त्याची कड खराब होते आणि मजुरीही दुप्पट जाते. तुमच्या ईएक्सला २३५/६०आर१८ आहेत. याच पिढीची एलएक्स २३५/६५आर१७ वर येत होती. पहिल्याचा व्यास ७३९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७३७, फरक नगण्य. १७ इंची स्टीलचे रिम स्वस्त, टायरही स्वस्त, आणि साइडवॉल जास्त उंच असल्यामुळे बर्फाखालच्या खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी. घेण्याआधी तुमच्या ब्रेकवर रिम बसते ना, हे दुकानदाराकडून एकदा तपासून घ्या. आणखी एक सोय: या सीआर-व्हीत हवेचा दाब चाकातल्या सेन्सरने मोजत नाहीत, चाकांच्या वेगाच्या फरकावरून ओळखतात. त्यामुळे दुसऱ्या सेटला सेन्सरचा खर्च नाही. पण टायर बदलल्यावर, रोटेट केल्यावर, हवा भरल्यावर डॅशबोर्डच्या मेनूतून ती यंत्रणा पुन्हा कॅलिब्रेट करावी लागते. बरेच जण करत नाहीत आणि मग हवा कमी असल्याचा दिवा खोटा बोलतो.

विंटर टायर एप्रिलमध्ये काढायचेच. गरम, ओल्या डांबरावर ते थांबायला जास्त अंतर घेतात आणि उन्हाळ्यात भराभर झिजतात. बऱ्याच विंटर टायरना झिजेची दुसरी खूण असते, निम्म्या खोलीवर. ती वर आली की तो विंटर टायर म्हणून संपला.

ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणाऱ्या टायरबद्दलही लिहितो, कारण एसयूव्ही म्हटलं की रांगडे टायर टाकायची हौस असते. त्यातल्या काहींवर डोंगर-चांदणीचं चिन्हही असतं. खोल, ताज्या बर्फात ते चांगले. पण मोठे ठोकळे, ओल्या डांबराला टेकणारं रबर कमी, आणि पेट्रोल जास्त. रूट १ वर वर्षभर पावसात फिरणाऱ्या सीआर-व्हीला त्यांचा उपयोग नाही. पुणे-मुंबईहून मनालीला एसयूव्ही घेऊन जाणारेही हेच विचारतात. त्यांना सांगणं असं, की भारतात मिळणारे बहुतेक रस्त्याचे टायर बर्फाच्या मिश्रणाचे नाहीत, आणि ऑल टेरेन टाकून अटल बोगद्यापलीकडच्या गोठलेल्या रस्त्यावर गाडी थांबत नाही. तिथे चाकांना बांधायच्या चेन बरोबर ठेवा आणि रस्ता गोठलेला असेल तर स्थानिक टॅक्सीने जा. ताम्हिणी-वरंध्याच्या पावसासाठी मात्र नियम तोच: नक्षी ४/३२ इंचाच्या, म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या वर ठेवा, ओल्यात पकड देणारं रबर बघा.

मापात तडजोड करू नका. तुमच्या टायरवर २३५/६०आर१८ १०३एच असं लिहिलेलं असेल. १०३ म्हणजे एका टायरला ८७५ किलो भार. त्याहून कमी आकडा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. पाच माणसं, स्कीचं सामान आणि छतावरची पेटी एवढा भार खरोखरच त्या टायरवर येतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता. विंटर सेटला टी चालेल. साइडवॉलवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. वर्षभर गोदामात राहिलेला टायर बिघडत नाही, पण तीन वर्षांचा नव्याच्या भावात घेऊ नका.

हवा. दर १० फॅरनहाइट तापमान उतरलं की साधारण १ पीएसआय दाब उतरतो. ६० फॅरनहाइटच्या गॅरेजमध्ये ३३ भरलेला टायर पोकोनोजच्या १० फॅरनहाइटच्या पहाटे २८ वर येतो. दिवा साधारण २५ टक्के कमी झाल्यावर लागतो, म्हणजे तोवर लागणारच नाही. कमी हवेचा टायर मधोमध दबतो, पाणी बाहेर काढत नाही, आणि पाण्यावर कमी वेगात तरंगायला लागतो. "बर्फात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते" हे वाळूत खरं आहे, हायवेवर नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो, गाडी रात्रभर उभी असताना, थंड टायरमध्ये. साइडवॉलवर लिहिलेला कमाल दाब भरायचा नसतो. हिवाळ्यात महिन्यातून दोनदा मोजा. नायट्रोजन भरायचा का, असं हमखास विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या, पैसे देऊन घेऊ नका, आणि त्याच्या भरवशावर हवा मोजणं सोडू नका.

नवे टायर बसवून घेतले की पहिले काहीशे मैल जरा सांभाळून चालवा. साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर निघून जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. म्हणून पोकोनोजच्या आदल्या दिवशी टायर टाकू नका, दोन आठवडे आधी टाका. चाकाचे नट टॉर्क रेंचने घट्ट करायला सांगा, सीआर-व्हीला ८० फूट-पाउंड, आणि ५० ते १०० मैलांनंतर परत जाऊन एकदा तपासून घ्या. बहुतेक दुकानं त्याचे पैसे घेत नाहीत. त्याच फेरीत चारही टायरची खोली मोजून बिलाच्या मागे लिहून ठेवा, तारीख आणि मैल टाकून. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तुमचे टायर खरोखर किती वेगाने झिजतायत, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.